काढ तो अंगरखा

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या रात्रीची गोष्ट. साल एकोणनव्वद. सुकदेव शिंपी अमळनेरहून लूना घेऊन निघाला, तो नदीपलीकडच्या एका गावाहून कपडे परत आणायला. गावाचं नाव सांगणार नाही. तिथे आमचे सोयरे आहेत, आणि उद्या तुमच्यापैकी कोणाचं लग्न तिथेच जमायचं.

सुकदेवाला मी चांगला ओळखत होतो. त्याचं दुकान आणि माझं सायकलचं दुकान, मध्ये एक भिंत, घरं मागेच. लेंगे-सदरे तो शिवायचाच, पण त्याचं नाव होतं ते जुन्या काळच्या पोशाखांसाठी. अंगरखे, चोळणे, शेले, पगड्या. शाळेचं गॅदरिंग असो की शिवजयंतीची मिरवणूक, कपडे सुकदेवाकडूनच न्यायचे. कापायचा-शिवायचा तो, आणि त्यावर कलाबतूचं भरतकाम करायची प्रमिलाबाई, त्याची बायको. त्या वर्षी तिने सरदाराचा एक अंगरखा भरला होता. गळ्याला वेल, छातीवर कोयऱ्या. सगळा हिवाळा त्यात गेला. संध्याकाळी ती डोळ्यांवर ओलं फडकं ठेवून ओट्यावर बसायची, ते मी बघितलंय.

आणि लोक ते कपडे कसे परत करायचे? विडीची भोकं पाडून. गुलालात लोळवून. एकाने तर शेल्याने सायकलची चेन पुसली होती. सुकदेव माणूस सोन्यासारखा, पण डोकं म्हणजे निखाऱ्याची इस्तरी. भिंतीपलीकडून मी त्याच्या शिव्या ऐकायचो, आणि खरं सांगतो, मलाही चीड यायची. ए झुलाल, तुमच्या नाटकाचा तो अंगरखा तुझ्या पायाखाली आलाय. उचल. आधी उचल. घडी घाल. हं. आता ऐक.

त्या गावात एक जुनी गढी आहे. दरवर्षी वैशाखात शिवजयंतीची मिरवणूक संपली की पोरं तिथे लढाई खेळायची. अर्धे बुरुजावर, अर्धे खाली. लाकडी तलवारी, पत्र्याच्या ढाली, मशाली, हलगी. आसपासच्या खेड्यांतून गाड्या भरभरून माणसं यायची. गढीखाली, पार रस्त्यावरच्या नाल्याच्या पाण्यापर्यंत, फार पूर्वी खरोखरची माणसं पडली होती, असं म्हातारे म्हणायचे. कोण, कोणाची, ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

सुकदेव पोचला तेव्हा दहा वाजून गेले होते. लढाई संपलेली. मंडळी जेवत होती. आणि कपडे? ट्रॉलीच्या खाली ढीग. त्या ढिगावर कुत्रं झोपलेलं.

मंडळाचा पुढारी हिलाल. त्याच्यासमोर जाऊन सुकदेव उभा राहिला.

"हिलालभाऊ, हाई काय शे?"

"कपडा शेतस, दुसरं काय? धुई टाक," हिलाल म्हणाला. तोंडातला घाससुद्धा थांबला नाही.

"ह्या कामम्हा मनी बायकोना डोया ग्यात!"

पंगत हसली. कोणीतरी म्हणालं, शिंप्याला जिलबी वाढा, थंड होईल.

सुकदेवाने एकेक कपडा झटकून गाठोडं बांधलं. सकाळच्या पहिल्या गाडीने ते दोंडाईच्याला जायचं होतं, तिथल्या मंडळाला कबूल केलं होतं. बांधताना लक्षात आलं, सरदाराचा अंगरखा नाही. प्रमिलाबाईचा.

"तोतारामना आंगवर व्हता. तो निंघी गया," हिलाल म्हणाला.

तोताराम त्याच गावचा, अमळनेरच्या कॉलेजात शिकायचा, तिथेच खोली घेऊन राहायचा. म्हणजे अंगरखा घालूनच निघाला असणार, अमळनेरच्या रस्त्याने. सुकदेवाने लूनाला पायडल मारलं. गाठोडं मागे. डोक्यात आग.

दुजेची कोर केव्हाच मावळलेली. वैशाखातला रस्ता, धूळ अजून गरम. लूनाचा दिवा तो केवढा. पुढचं हातभर दिसायचं. नाल्याचा उतार आला. नाला कोरडा ठाक.

नाल्यात एक माणूस चालत होता. पुढे. पाठमोरा. अंगात पांढरा अंगरखा.

"ए तोताराम!"

तो चालतच राहिला.

सुकदेवाने लूना आडवी घातली आणि उतरून त्याची बाही धरली. "लाज नाही वाटत? बापाच्या घरचा माल आहे का? काढ! काढ तो अंगरखा!"

माणूस थांबला. मान खाली. पगडीची सावली तोंडावर. तोताराम पिऊन टुन्न झालाय, असंच सुकदेवाला वाटलं. कारण तो बोलत नव्हता. हलतही नव्हता.

"ऐकू येत नाही? काढ म्हटलं ना!"

मग त्या माणसाने हात वर केला. एक बंद सोडला. दुसरा सोडला. घाई नाही. आतला बंद सोडला. अंगरखा उतरवला, आणि दोन्ही हातांवर ठेवून पुढे केला. देवाला वस्त्र वाहतात तसा.

सुकदेवाने तो हिसकावून घेतला. तेवढ्यावर थांबला असता तर... पण राग. जाता जाता म्हणाला, "आता उघडाच जा घरी!"

उतार चढून वर आल्यावर त्याने मागे वळून बघितलं. नाल्यात कोणी नव्हतं.

एक गोष्ट त्याला तेव्हाच कळायला हवी होती. मांडीवर ठेवलेला तो अंगरखा ओला होता. गार. चिंब नाही, पण ओला. भर वैशाखात.

घरी प्रमिलाबाई जागी होती. सकाळी पितरांची घागर भरायची, म्हणून मडकी धुऊन पालथी घातली होती. सुकदेवाने अंगरखा तिच्यापुढे टाकला. "घे तुझी कलाबतू. त्या दारुड्याच्या अंगावरून ओढून आणलाय."

तिने उचलला. दिव्याखाली धरला. गळ्यावर, छातीवर बोट फिरवलं.

"हाऊ मना नही."

"दिसत नाही का तुला? दमलीस."

"माझा हात मला कळत नाही? बघ ना. वेल नाही. कोयऱ्या नाहीत. आणि शिवण बघ, एक टाका मशीनचा नाही." तिने अंगरखा उलटा केला आणि तिचं बोट डाव्या काखेखाली थांबलं. तिथे कापड चिरलं होतं. तलवारीचं पान जाईल एवढं. चीर कोणीतरी सांधली होती. बारीक, एकसारखे टाके. प्रमिलाबाईने नखाने दोरा उचलून बघितला.

दोरा नव्हता. केस होता. लांब, काळा. बाईचा.

तिने अंगरखा खाटेवर ठेवला. टाकला नाही, ठेवला. आणि मग जी भडकली! सुकदेव मला म्हणाला, एवढ्या वर्षांत मी तिला तशी बघितली नव्हती.

"दोरा मिळाला नाही तर तिने आपले केस उपटून शिवलंय! तिच्या माणसाच्या अंगावरून तू हे ओढलंस? काय बोललास त्याला? खरं सांग, काय बोललास?"

सुकदेवाने सांगितलं. उघडाच जा, म्हटलं.

"आखाजीच्या रातले?" ती म्हणाली. "लोक सकाळी पितरांना पाणी पाजतील. आणि तू कपडा काढून घेतलास?"

"तोतारामच होता तो! कपडे बदलले असतील त्याने!"

तेवढ्यात कडी वाजली. दारात तोताराम. अंगात पँट-शर्ट, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी. "भाऊ, माफ करा," तो म्हणाला, "लढाई संपल्यावर लगेच काढून ठेवला, घाम लागू नये म्हणून. मित्राच्या मोटारसायकलवर तेव्हाच आलो. खोलीवर डोळा लागला. तुमचा दिवा दिसला म्हणून आलो." पुडीत प्रमिलाबाईचा अंगरखा होता. एक डाग नाही. तो देऊन तोताराम गेला.

आता कोणीही शहाणा माणूस काय करेल? पण सुकदेव! चूक कळली की त्याला आणखी राग यायचा. म्हणाला, "जे असेल ते उजाडल्यावर बघू. मी कोणाच्या बापाला भीत नाही." पुढच्या दुकानात दांडीवर सगळे कपडे टांगले, त्यातच तो परका अंगरखा टांगला, मधलं दार लावलं आणि आडवा झाला.

झोप लागली नाही. प्रमिलाबाई भिंतीकडे तोंड करून बसून होती.

आणि मग दुकानातून आवाज आला.

फर्र.

कापड फाटल्याचा.

थोडं थांबून... फर्र.

सुकदेव कात्री घेऊन धावला. मधलं दार उघडलं. दिवा लावला. दुकानाचं बाहेरचं दार आतून बंद. कडी जशीच्या तशी. कोणी नाही. कपडे दांडीवर हलत होते. वारा नव्हता.

त्याने पहिला अंगरखा वळवला. डाव्या काखेखाली चीर. दुसरा. चीर. तिसरा... सगळे. हात लागेल तो. एकाच जागी, एकाच मापाची. प्रमिलाबाईचा अंगरखाही. कोयऱ्यांच्या कडेने, तिथेच.

परका अंगरखा तेवढा सलग होता. त्याच्या बाह्यांतून पाणी ठिबकत होतं.

सुकदेव ओरडला. ते ओरडणं मी भिंतीपलीकडे ऐकलं. "माझ्या कपड्यांनी काय केलं रे तुझं? तिने काय केलं?" मला वाटलं, नवरा-बायकोचं भांडण. मी कूस बदलली.

प्रमिलाबाई दारात उभी होती. फाटलेला आपला अंगरखा तिने बघितला. रडली नाही. म्हणाली, "त्याने तुझं काय केलं व्हतं? जाय. दी ये."

"एकटा?"

"आनतांना कोनी संगे व्हतं का?"

गेला. करतो काय? परका अंगरखा नीट घडी घालून छातीशी धरला, आणि लूना चालवत त्या नाल्यापर्यंत गेला. तिथे लूना बंद पडली. दिवा विझला.

कोणी नव्हतं.

सुकदेवाने अंगरखा दोन्ही हातांवर धरला. "घ्या," म्हणाला. मघाशी ए म्हणत होता. आता अहो. "तुमचा आहे. घ्या."

काही नाही.

"माझं चुकलं. घ्या ना..."

मागे काहीतरी होतं. त्याला कळलं. कसं कळलं, ते त्याला सांगता आलं नाही. तो वळला.

माणूस उभा होता. पाठमोरा. उघडा. दोन्ही हात मागे केलेले. लहान पोर आईपुढे उभं राहतं तसा... बाही घालून घ्यायला.

सुकदेवाने बाही धरली. एक हात आत गेला. मग दुसरा. कापड भरलं, पण आत ऊब नाही. वजन नाही. मग तो माणूस वळला. समोर आला. सुकदेवाने वर बघितलं नाही. जमिनीकडे बघत बंद बांधले. आतला. बाहेरचा. गाठ सुटली. पुन्हा बांधली. गळ्याजवळचा शेवटचा बंद...

तो बांधताना चेहरा अगदी जवळ होता. सुकदेव मला म्हणाला, आबा, श्वास नव्हता. पण दात आवळल्याचा आवाज येत होता. करकर. करकर. त्याचा राग गेला नव्हता, आबा.

गाठ बसली.

मग ते दोन हात वर आले. सुकदेवाच्या शर्टाच्या कॉलरला लागले.

त्याने डोळे मिटले. छातीवर बोटं फिरत होती. वरून खाली. सावकाश. गळा आवळल्यासारखं झालं... मग काहीच नाही.

डोळे उघडले तेव्हा नाला रिकामा होता.

लूना ढकलत तो घरी आला तेव्हा उजाडत होतं. आळीत बाया झोक्यावर आखाजीची गाणी म्हणत होत्या. मी दुकानाची फळी काढत होतो. हा समोरून आला, तोंड पांढरं, दोन्ही हात छातीवर. मला बघून ओट्यावर बसला आणि म्हणाला, "आबा, माले श्वास लेता येत नही."

प्रमिलाबाई बाहेर आली. त्याचे हात बाजूला केले.

त्याच्या टेरिकॉटच्या शर्टाला एकही बटण नव्हतं. काजं नव्हती. त्याऐवजी बंद होते, वरपासून खालपर्यंत, एकेक आवळून बांधलेला. इतका आवळलेला, की त्याच्या बरगड्या आत गेल्या होत्या. गाठी सुटेनात. मी ओढल्या, तिने दातांनी ओढल्या. शेवटी तिने कात्रीने शर्ट पाठीतून कापला, तेव्हा त्याने श्वास घेतला.

त्या दिवशी दोंडाईच्याला कपडे गेले नाहीत. हिलाल अनामत परत मागत, ओरडत आला होता, त्याला प्रमिलाबाईने असं झापलं की तो परत कधी त्या गल्लीत दिसला नाही. बरं झालं.

संध्याकाळी सुकदेवाने तो शर्ट उलटा करून माझ्यापुढे धरला. त्याच्या हाताने शिवलेला शर्ट. नुसतं बोट दाखवलं. जन्मभर शिवणकाम केलेला माणूस, तो दिवसभर टाका शोधत होता. एका बंदालाही टाका नव्हता. सुईचं भोकसुद्धा नव्हतं. शर्टाच्याच कापडातून ते बंद आले होते... झाडाला फांदी येते तसे.