सील शाबूत होतं

गस्तीची बोट धक्क्याला लागली, तेव्हा तिच्यावर पकडलेला एकही माणूस नव्हता. होतं फक्त कापून टाकलेलं परदेशी जाळं. अजून ओलं.

"पाचव्यांदा!" कप्तान म्हणाला. "आम्ही पोहोचायच्या पाऊण तास आधी परदेशी जहाजं जाळी कापून हद्दीपार."

मुख्य कार्यालयातून आलेल्या तपासनीस बाईंनी जाळं हातात घेतलं. त्याच्या छिद्रातून करंगळीही जाईना. अशा जाळ्यातून माशांची पिल्लंसुद्धा सुटत नाहीत. इथल्या मच्छीमारांच्या होड्या महिनाभर रिकाम्या परतत होत्या. गेल्या आठवड्यात तर पळणाऱ्या परदेशी जहाजानं एक होडी चिरडली होती. होडीवाला पाय गमावून इस्पितळात पडला होता.

बोटीवर माणसं तिघंच. निघताना तिघांचे मोबाइल कार्यालयात जमा होत. रेडिओ बंद. बोटीचा ठावठिकाणा सगळ्यांना कळवणारं यंत्रही बंद करून त्याच्या बटणाला सील लागे. बाईंनी ते निरखून पाहिलं. सील शाबूत होतं.

मग बातमी फुटत होती कशी?

आधी त्यांनी उपकप्तानाला बोलावलं. कार्यालयाच्या चार पायऱ्या तो कठडा धरून कशाबशा चढला. गुडघा कामातून गेला होता. जीभ मात्र शाबूत होती.

"कप्तानाबद्दल तुमचं मत?"

"माझ्याहून अकरा वर्षांनी लहान, आणि हुकूम सोडतो माझ्यावर. जळतो मी त्याच्यावर. लिहून घ्या."

"एकच मोहीम फत्ते झाली. तेव्हा कप्तान रजेवर होता आणि बोट तुमच्या हाती होती."

"म्हणजे संशय माझ्यावर?"

"नसावा का?"

उपकप्तान गुडघा चोळत उठला.

मग आला इंजिनवाला, कप्तानाचा सख्खा मोठा भाऊ. फडक्याला हात पुसत, हसतमुख.

"धाकट्या भावाच्या हाताखाली काम करणं जड जात नाही?"

"छे हो मॅडम! सुकाणू धरायला मीच शिकवलं त्याला. परीक्षेला दोघं बसलो, तो पास झाला, एवढंच. त्याचं कौतुक झालं की माझी मान ताठ होते."

"त्या फत्ते झालेल्या मोहिमेत तुम्ही होतात?"

"होतो की! हे इंजिन दुसऱ्या कुणाचं ऐकतंय?"

दुपारी कप्तानानं बाईंना घरी चहाला नेलं. त्याच्या बायकोनं कप पुढे केला.

"यांची बोट मोबाइलवर येताना दिसली की मी आधण ठेवते," ती कौतुकानं म्हणाली. "आज सकाळी तर अगदी हद्दीपाशी दिसत होती."

कप्तानाचा कप ओठांपाशीच थांबला. "आज दिसणं शक्यच नाही. यंत्र तर सीलबंद होतं."

बाई उठल्या. "चला, बोटीवर."

अर्ध्या तासानं इंजिनघरात तिघं उभी होती: बाई, कप्तान आणि त्याचा भाऊ. वरच्या झडपेतून उपकप्तान डोकावत होता. यंत्राच्या तारेचा माग काढत बाईंनी भिंतीवरची एक फळी ओढून काढली. मागे नवीकोरी तार आणि एक छोटी कळ होती.

"बातमी कुणी दिलीच नाही. बोटच ती देत होती," बाई म्हणाल्या. "वरचं बटण बंद, सील शाबूत. पण ही तार वळसा घालून थेट यंत्राला जोडलीय. इथली कळ दाबली, की परदेशी जहाजांना आपण पडद्यावर दिसतो."

कप्तानानं वर, उपकप्तानाकडे पाहिलं.

"ते नव्हेत. ही उभी शिडी त्यांना उतरताच येत नाही. तुम्ही सुकाणू सोडत नाही. उरलं कोण? आणि तुम्ही रजेवर असतानाच मोहीम फत्ते का झाली? त्या दिवशी ज्याची नाचक्की करायची, तो माणूसच बोटीवर नव्हता. त्या जहाजांशी यांना काही देणंघेणं नाही. यांचा भाऊ हात हलवत परत यायला हवा होता, बस्स."

इंजिनवाल्याचं हसू मावळलं.

"धक्क्यावर, बाजारात, जो तो मला कप्तानाचा भाऊ म्हणतो," तो खाली बघत म्हणाला. "आईसुद्धा तशीच ओळख करून देते. वाटलं, दोन-चारदा तोंडघशी पडेल, बदली होईल त्याची. कुणाचा पाय जाईल असं नव्हतं वाटलं."

"दादा, एकदा बोलला असतास," कप्तान म्हणाला. "मी सोडली असती बोट तुझ्यासाठी."

"तेच नको होतं मला! धाकट्यानं टाकलेलं मोठ्यानं घालायचं?"

कप्तानानं कमरेच्या बेड्या काढून बाईंच्या हाती दिल्या आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.