पांढऱ्या गोगलगायीला सोबत

अजूनही खाऱ्या पाण्याचा वास आला की तो आठवतो... काचेला नाक चिकटवून उभा असलेला.

“अहो, काच मी आत्ताच पुसलीय!” मी फडकं नाचवत म्हटलं होतं. “आणि मासे घाबरतील.”

“इथे मासे आहेत कुठे?”

खरंच नव्हते. मत्स्यालयातला माझा विभाग समुद्री गोगलगायींचा. पाठीवर शंख नाही, बोटाएवढी लांबी, पण रंग असे की पैठणीने लाजावं! नव्या दालनासाठी त्यांची चित्रं काढायला हा चित्रकार आला होता. रोज माझ्याच स्टुलावर बसायचा आणि माझ्याच चहाच्या कपात ब्रश बुडवायचा. मी रागवायचे... आणि दुसऱ्या दिवशी कप मुद्दाम तिथेच विसरायचे.

एका सकाळी येऊन पाहते तर मोठी टाकी ओस! जांभळी नाही, पिवळी नाही. मधोमध फक्त एकच... एरवी कोपऱ्यातल्या छोट्या टाकीत एकटी असणारी पांढरी, केशरी ठिपक्यांची. पोट टम्म.

“काल जाताना मीच सोडलं तिला,” तो रडवेला झाला होता. “वाटलं, एकटीला करमत नसेल...”

“अहो, ती इतर गोगलगायींना गिळूनच जगते! गोगलगाय नि पोटात पाय म्हणतात ना, ती हीच! विचारायचं तरी मला...”

वर्षभर जपलं होतं मी त्यांना. डोळे भरून आले.

तो तडक साहेबांकडे गेला आणि सगळं सांगून टाकलं. साहेबांनी काम काढून घेतलं. परत येऊन तो गुपचूप ब्रश आवरू लागला. मघाचं रडू गोगलगायींसाठी होतं. आता येत होतं ते त्यांच्यासाठी नव्हतं.

“येतो मी,” तो म्हणाला. मग दारातच घुटमळला. “एक विचारू? ती... खरंच एकटी सुखात असते?”

“हो. तिची जातच तशी.”

“आणि तुम्ही?”

मी हातातलं फडकं बाजूला ठेवलं.

“मला नाही करमणार,” मी म्हटलं. “तुम्ही गेलात तर... अजिबात नाही.”

तो नुसता कानापर्यंत लाल झाला आणि निघून गेला. मी मेली दिवसभर स्वतःलाच बोल लावत रिकामी टाकी घासत बसले.

दुसऱ्या दिवशी मत्स्यालय उघडलं, तेव्हा तिकिटाच्या रांगेत तो पहिला उभा होता. माझ्या विभागात बघण्यासारखं काहीच उरलेलं नसताना.