कवळीवाल्याचा डोंगर

मामाची दाढ ठणकायला लागली म्हणून त्या दिवशी मी काउंटरवर होते, नाहीतर माझी जागा मागच्या खोलीत, बंद पडलेल्या इंजिनांपाशी. छोट्या रेल्वेगाड्यांचं आमचं दुकान. रूळ, डबे, बोटभर उंचीची झाडं, रंग, डिंक… येणारे सगळे चांगले मोठे बाप्ये, आणि सगळे म्हणणार, मुलासाठी घेतोय. हा मात्र सरळ म्हणाला की मला स्वतःलाच हवंय.

नखांत पांढरं प्लास्टर होतं. विचारलं, तर म्हणे कवळ्या बनवतो. मी म्हटलं, अरे वा, मग आमच्या मामाला तुमच्याकडेच पाठवते. तो म्हणाला, दाढ दुखतेय म्हणजे अजून आहे, तिला सुखाने नांदू द्या. आणि हसला. डाव्या गालाला खळी — एकाच गालाला, उजवा अगदी कोरा. स्प्रेचा डबा हातात धरून त्याने विचारलं, "हा थर्माकोलवर चालेल ना? डोंगर रंगवायचाय."

मी त्या खळीकडे बघत म्हणाले, "न चालायला काय झालं?"

आता, हा स्प्रे थर्माकोल खातो. अक्षरशः खातो, फवारला की विरघळून खड्डा. आधी पाण्यातल्या रंगाचा हात द्यायचा, मग बाकीचं, हे मी रोज चार गिऱ्हाइकांना बजावते. पण त्या दिवशी अक्कल गहाण पडली होती.

चौथ्या दिवशी तो खोकं घेऊन आला. आत डोंगर, आणि डोंगराला मूठ जाईल एवढं भोक.

"बोगदा म्हणून चालवून घेता येईल," मी चाचरत म्हटलं.

"रूळ डोंगराला वळसा घालून जातात हो," तो म्हणाला. "रविवारी अशा गाड्यांचं प्रदर्शन आहे. स्प्रे मारायला माझी ताई होती, तिला सांगत होतो, लांबून मार, लांबून मार. तिने पार नाकाशी धरून मारला. तसं केलं की असं होतं का?"

खरं बोलायला एवढी आयती संधी कुणाला मिळते? माझ्या तोंडून निघालं, "जवळून मारला की होतं."

झालं. एकदा बोलून बसले. मग भरपाई म्हणून मीच म्हणाले की नवा डोंगर करायला मदत करते. मामाने गाल धरून माझ्याकडे एकदा पाहिलं आणि जा म्हणाला.

त्याच्या कामाच्या खोलीत एका फळीवर कवळ्यांची रांग आणि समोर टेबलभर रेल्वे. रोज संध्याकाळी दोन तास आम्ही थर्माकोलचे थर कापले, प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या चढवल्या. त्याचं बोट पट्टीवरून फिरलं की डोंगराला खरी घळ पडायची. माझ्या हातून मात्र सगळी टेंगळंच. तो म्हणायचा, राहू दे, डोंगराला कुठे लग्नाला जायचंय… आणि 'अहो'वरून 'अगं'वर आम्ही नेमके कधी आलो, ते दोघांनाही कळलं नाही. एकदा माझ्या कपाळावरचे केस प्लास्टरच्या हातांनी मागे सारले त्याने. घरी गेल्यावर ते पांढरं धुवायचं माझ्या जिवावर आलं. प्रेमात पडले होते, दुसरं काय.

शनिवारी गवत लावायचं होतं. डोंगर असा देखणा झाला होता की दृष्ट काढावी. पण फलाट सगळा रिकामा. मी म्हटलं, अरे, माणसं कुठायत?

"माणसं ताई रंगवते," तो म्हणाला. "नखाएवढ्या बाईच्या साडीला काठसुद्धा काढते. लहानपणापासून ही गाडी आमची दोघांची." मग बराच वेळ तो ब्रश नुसता पाण्यात ढवळत राहिला. "मी फार लागेल असं बोललो तिला. तुझ्या हातात काही दिलं की त्याची माती होते, असं. आठ दिवस फोन उचलत नाहीये."

मला रडूच आलं. गप्प बसले तर हा माझा होता, हे मला कळत होतं. बोलले तर उद्यापासून मी कोण आणि तो कोण.

"ताईची चूक नव्हती," मी म्हणाले. "तो डबाच चुकीचा होता. मी दिला होता. लांबून मारला असता तरी भोक पडलंच असतं… मला त्याच दिवशी माहीत होतं."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा तसं पाहिलेलं मला सोसणार नाही. चपला घातल्या आणि निघून गेला.

डोंगरावर डिंक नुकताच लावला होता, आणि तो वाळायच्या आत हिरवा भुसा पसरावा लागतो. मग काय करणार… नाक ओढत, डोळे पुसत मी एकटीने सगळं गवत लावलं. ब्रश धुतले. निघणार, तोच दार उघडलं. तो, आणि मागे हातात चपटा डबा घेतलेली ताई. तिने आधी डोंगराला निरखलं, मग मला नखशिखान्त.

"हीच का ती?" तिने विचारलं.

तो मान खाली घालून म्हणाला, हो. मग माझ्यापाशी आला. "तू गप्प बसली असतीस तर मला आयुष्यात कळलं नसतं. का सांगितलंस?"

"कारण मला तेच आयुष्य तुझ्याबरोबर काढायचं होतं," मी म्हणाले. "असलं खोटं उरावर घेऊन कसं काढू? आवडतोस तू मला. फार. आता राग धर, नाहीतर काहीही कर."

"राग आलाय," तो म्हणाला. "दोन-चार दिवस तरी राहील." आणि त्याने माझा हात हातात घेतला, बोटांना चिकटलेलं हिरवं गवत एकेक करून काढायला लागला. दहा बोटं होती, आणि त्याला कसलीच घाई नव्हती.

ताईने डबा उघडून पहिली बाई फलाटावर उभी केली. "चालू द्या तुमचं सावकाश," ती आमच्याकडे पाठ करून म्हणाली. "मला अजून चाळीस माणसं लावायचीत."