बोलकी

राजुलीत कोणी कोणाला नावानं हाक मारत नसे. गिऱ्हाइकाला थांबवायचं तर दुकानदार टाळी वाजवी. पोरांना घरात बोलवायला बाया ताटावर पळी आपटत. एसटीतून एखादा नवखा माणूस उतरला, की टपरीवाला चहाचा कप पुढे करता करता हळूच सांगे, "इथं नाव घेऊन बोलू नका जी. ती ऐकते."

ती म्हणजे बोलकी. ती गावाच्या खाली राहत होती.

राजुलीची कोळशाची खाण बंद पडून बरीच वर्षं लोटली होती. चांगला कोळसा संपला, उरलेला इतका खोल की काढणं परवडेना, आणि एक दिवस पाळीचा भोंगा वाजलाच नाही. क्वार्टरांच्या रांगा ओस पडल्या. जाणाऱ्यांनी दारं-खिडक्यांच्या चौकटीसुद्धा उखडून नेल्या. मग कधीतरी पुण्याहून शास्त्रज्ञ आले. खोलवरचा कोळसा खणायचाच कशाला, असं त्यांचं म्हणणं. तो जागच्या जागी सूक्ष्मजीवांना खाऊ घालायचा. ते त्याचा वायू करतील आणि आपण तो नळीनं वर घ्यायचा. हे जीव सुटे राहत नसत. एकमेकांना धरून कोळशाच्या फटीफटींतून जाळ्यासारखे पसरत, म्हणून त्यांना नाव दिलं कृष्णजाल. काही वर्षं सगळं छान चाललं. राजुलीत पुन्हा दिवे लागले, चाळीसेक माणसांना काम मिळालं, बंद पडलेलं सलूनही उघडलं.

मग गावातली कुत्री नाहीशी होऊ लागली. आधी व्यालेल्या कुत्र्या. त्यानंतर माणसं.

कौतिका कुळमेथेचा मुलगा सुखदेव हा त्या नाहीशा झालेल्यांतला अगदी सुरुवातीचा. कौतिकाचा नवरा खाणीत कामाला असतानाच आजारानं गेला होता, आणि त्याच्या जागी तिला दिव्यांच्या खोलीत नोकरी मिळाली होती. पाळीवर जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात टोपीचा दिवा द्यायचा, परत आलेल्याचा मोजून ठेवायचा. खाण बंद झाल्यावर ती नोकरी गेली, पण ती क्वार्टर सोडून गेली नाही. सुखदेव तेवीस वर्षांचा होता. एका संध्याकाळी तो घरातून निघाला तो आलाच नाही. खाणीच्या तिरक्या तोंडाशी, ज्याला सगळे इन्क्लाइन म्हणत, तिथं त्याची सायकल सापडली. त्या दिवसांत बंद खाणीतली तांब्याची तार चोरायला पोरं आत घुसत. पोलिसांनी तसंच लिहून घेतलं. गावानंही तसंच मानलं आणि, मनातून कितीही नको वाटलं तरी, कौतिकानंही तसंच मानलं. गेली दोन वर्षं ती मुलासाठी रडत होती, आणि रडता रडता त्याच्यावर चिडतही होती.

त्यानंतर आणखी माणसं गेली, आणि गेलेल्यांचे आवाज भुयारातून येऊ लागले. तेव्हा कुठं लोकांना कळलं की खाली काहीतरी आहे आणि ते बोलतं. त्यालाच ते बोलकी म्हणू लागले. इन्क्लाइनच्या तोंडावर लोखंडी जाळीचं दार बसवून कुलूप लावलं. वायूचं काम थांबलं, कामगार निघून गेले. उरले ते म्हातारे, आणि ज्यांचं कोणीतरी आत होतं ते.

कौतिका रोज दुपारच्या वेळी त्या जाळीशी जाऊन बसे. भुयाराच्या काळोखातून सुखदेवचा आवाज येई.

"माय... अंधार आहे वो, माय."

ती काही बोलत नसे. डोक्यावरचा पदर पुढे ओढून नुसती ऐकत राही.

तिथंच एका दुपारी डॉ. वृंदा चिपळकट्टी तिला भेटायला आल्या. कृष्णजाल प्रयोगशाळेत पहिल्यांदा वाढवणाऱ्या त्याच. पन्नाशीच्या होत्या, केस अगदी बारीक कापलेले, आणि गावात त्यांच्याशी कोणी धड बोलत नसे. त्या कौतिकाशेजारी खाली मातीतच बसल्या.

"बाई, मला तुमची मदत हवी आहे. हे मला मारायचं आहे."

"माझा पोरगा आहे आत," कौतिका म्हणाली.

"तो नाही. तसं असतं तर मी मागितलं नसतं."

"मंग बोलते कोण?"

डॉक्टरांनी समोरच्या माळाकडे बोट दाखवलं. गवतातून एक पायवाट बसस्टँडकडे गेली होती. "ती वाट कोणी आखली?"

"आखन कोण? लोक चालतात, पडते."

"आणि चालायचं थांबले तर?"

"गवत येते."

"हे जाळं तसंच आहे. त्याला मेंदू नाही, मन नाही. त्यात फक्त वाटा आहेत. कोळशात त्याला हवं ते सगळं मिळत नाही. पिकाला लागतं ना नत्र, स्फुरद, ते कोळशात जवळजवळ नाहीच. ते जिवंत प्राण्यांच्या अंगात असतं. जाळ्याचे पातळ पडदे भुयारांत आडवे ताणलेले असतात, हलगीच्या कातड्यासारखे. वरून येणाऱ्या आवाजानं ते थरथरतात आणि तशीच थरथर परत काढतात. असे हजारो आवाज निघाले आणि विरले. पण एखाद्या आवाजापाठोपाठ एखादा प्राणी आत आला, की त्या आवाजाची वाट पक्की झाली. पहिल्यांदा बहुतेक कुत्रीच्या पिलाचं केकाटणं असावं. म्हणून कुत्र्या गेल्या."

आत पुन्हा "माय" अशी हाक आली.

"म्हंजे त्याले मी कोण, ते ठाऊक नाही?"

"नाही. हा आवाज काढला की जाळीपाशी काहीतरी ऊबदार येऊन बसतं, एवढंच ते शिकलं आहे. तुम्ही रोज येता, म्हणून हा आवाज टिकला." पुढचं बोलणं डॉक्टरांना जड गेलं. "ज्यांना ऐकायला कोणी येत नाही, त्या माणसांचे आवाज केव्हाच बुजले, बाई."

योजना साधी होती. कृष्णजाल उष्णतेनं मरत असे. पण मैलोगणती पसरलेल्या भुयारांत वाफ किती पोचणार? ते एका जागी गोळा व्हायला हवं होतं, आणि ते गोळा होई भक्ष्याच्या आशेनं. जाळीच्या अलीकडे बसून कोणीतरी त्याला उत्तर द्यायचं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. ते सगळं अंग ओढून इन्क्लाइनमध्ये वर चढलं, की दोन्ही बाजूंनी टाकलेल्या नळांतून वाफ सोडायची.

"तुमच्यासारखं रोज कोणी येत नाही. त्याची सगळ्यात रुंद वाट तुमच्याकडेच येते," डॉक्टर म्हणाल्या. "मी तुम्हाला भाग पाडणार नाही. पण मागच्या महिन्यात ते शाळेच्या विहिरीत बोलायला लागलं आहे."

हे गावात सगळ्यांना माहीत होतं. विहिरीवर फळ्या ठोकल्या होत्या. तरी मधल्या सुट्टीत मुलं फळ्यांना कान लावतच.

कौतिकानं आठ दिवस उत्तर दिलं नाही. ती रोज जाळीशी जाऊन बसे आणि तोच आवाज ऐके. आता तिला त्यात एक गोष्ट जाणवू लागली. आवाज सुखदेवचाच होता, घशातली बारीकशी खरखरही त्याचीच. पण जिवंत सुखदेव एक गोष्ट दोनदा एकाच तऱ्हेनं कधी बोलला नव्हता. हा मात्र रोज तेच शब्द, त्याच ठिकाणी थांबून म्हणे. एकदा तिनं मुद्दामच विचारलं, "बापू, तुह्या बापाचं नाव काय रे?"

"अंधार आहे वो, माय."

नवव्या दिवशी तिनं डॉक्टरांकडे निरोप पाठवला.

सकाळची वेळ होती. वाफेचे दोन बॉयलर ट्रकवर आणून उभे केले होते. गावातली उरलीसुरली माणसं लांब, वजनकाट्याच्या भिंतीआड उभी होती. त्यांत पोसन्नामामा होते, एकेकाळचे सुरुंगवाले. त्यांची बायको राजव्वा आदल्या वर्षी आत गेली होती. कौतिका जाळीसमोर मांडी घालून बसली. डॉक्टर तिच्या मागे उभ्या राहिल्या.

"सुखा," कौतिकानं हाक मारली. दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं ते नाव मोठ्यानं घेतलं होतं. "सुखा रे, मी आली."

खाली कुठंतरी ओलं काहीतरी सरकलं.

"माय... अंधार आहे वो."

"ये मंग वर. ये, बापू. मी इथंच आहो."

हाकेला उत्तर, उत्तराला हाक, असं चालत राहिलं. प्रत्येक वेळी आवाज जरा जवळून येई. मग काळोखाचा रंग बदलला. भुयाराच्या तळातून डांबरासारखं काळं, ओलसर अंग वर चढत होतं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, छताला टेकेल इतकं उंच, भिजवलेलं पीठ फुगून यावं तसं संथ. त्याला तोंड नव्हतं, डोळे नव्हते. ठिकठिकाणी पातळ पडदे ताणलेले होते आणि ते थरथरत होते. एका पडद्यातून कुत्र्याचं पिलू केकाटलं. दुसऱ्यातून राजव्वाचा आवाज आला, आणि भिंतीआडून पोसन्नामामांचा हुंदका ऐकू आला. भक्ष्य इतकं जवळ असून हाती येत नव्हतं. त्यामुळे जाळं आपल्याकडचे सगळे आवाज एकेक करून काढून पाहत होतं.

आणि मग, जाळीपासून हातभर अंतरावर, एक पडदा बाईच्या आवाजात बोलला.

"सुखा... लवकर ये रे... दम लागला रे मले... पंप आन..."

तो आवाज कौतिकाचाच होता.

तिला दमा होता. कधीमधी संध्याकाळी अंगणात काम करताना तिचा श्वास कोंडे, आणि ती भिंतीला धरून अशीच हाक मारी. सुखदेव हातातलं असेल ते टाकून घरातून तिचा औषधाचा पंप घेऊन धावत येई. तिचं क्वार्टर भुयाराच्या बरोबर वर होतं. आजवर गाव समजत होतं, की बोलकी गिळलेल्यांच्याच आवाजात बोलते. जिवंत माणसाचा आवाजही तिच्यापाशी असेल, हे कोणी कधी बोललं नव्हतं.

कौतिका डॉक्टरांकडे वळली.

"मॅडम, तुमी सांगतलं होतं. ज्या आवाजामागं कोणी आलं, तोच ते ठेवते."

डॉक्टरांनी होकारार्थी मान हलवली.

"म्हंजे तो तार चोराले नाही गेलता."

"नाही."

"त्याले वाटलं, मी आत पडली."

पडदा पुन्हा थरथरला. तिचाच धापा टाकणारा आवाज तिच्याच मुलाला बोलवत होता. कौतिकानं जाळीला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. आत सुखदेवचा आवाजही होता, तिच्या आवाजाच्या शेजारीच. माय-लेक एकमेकांना हाका मारत होते आणि दोघांनाही एकमेकांचं ऐकू येत नव्हतं.

"सोडा वाफ," ती म्हणाली आणि जाळी सोडून मागे सरली.

पुढचं तिनं पाहिलं, पण त्याबद्दल ती कधी कोणाशी बोलली नाही. एवढंच, की शेवटी सगळे आवाज एकदम निघाले, आणि त्यांतला कुठला कोणाचा हे मग ओळखू येईना.

भुयार निवायला बरेच दिवस लागले. मग बचावपथक आत गेलं. हाडंही उरली नव्हती. जाळ्यानं सगळं पचवलं होतं. प्लास्टिक, नायलॉन आणि लोखंड तेवढं त्याला पचलं नव्हतं. ते सगळं गोळा करून वर आणलं आणि वजनकाट्याजवळ एका ताडपत्रीवर मांडलं. ज्याचं त्यानं ओळखून घ्यावं, म्हणून गावाला बोलावलं.

तांब्याची तार कुठंच नव्हती. तार कापायची पक्कड नव्हती. एक निळा प्लास्टिकचा पंप होता. कौतिकानं तो उचलून पदरात घेतला.

बाकीच्या वस्तूंजवळ लोक वाकून पाहत होते. पाण्याची बाटली होती, भरलेली, झाकणसुद्धा न उघडलेली. नायलॉनच्या दोरीचं वेटोळं. एक टॉर्च. घडी होणारी लोखंडी काठी. बाळाला दूध पाजायच्या बाटलीचं बूच. राजव्वानं पोसन्नामामांसाठी विणलेला स्वेटर, तो लोकरीसारख्या दिसणाऱ्या नायलॉनच्या धाग्याचा होता म्हणून राहिला होता. आत गेलेला एकही माणूस काही आणायला गेला नव्हता. प्रत्येकजण कोणासाठी तरी काहीतरी घेऊन गेला होता.

पोसन्नामामा स्वेटर हातात धरून उभे होते.

"ती गेली त्याच्या आदल्या दिवशी मलेबी आवाज आलता," ते म्हणाले. "तिचाच. थंडी वाजते म्हणे. मले समजलं, हे खोटं आहे, ती त घरातच होती. मी दार लावून घेतलं, कोणाले सांगतलंबी नाही." त्यांनी स्वेटर उलटा-सुलटा करून पाहिला. "तिले माह्या आवाजात बोलावलं असन. ती घेऊन गेली."

डॉ. चिपळकट्टी ताडपत्रीच्या पलीकडे उभ्या होत्या. पायवाट आणि गवत यांचं बोलणं त्यांना आठवत असावं. जाळ्यानं आवाज निवडले होते, हे त्यांनीच सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. त्यानं आणखी काय निवडलं, हे त्यांना आता समोर दिसत होतं, आणि ते कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

कौतिकानं समोरच्या माणसांकडे पाहिलं. शेजारी, दुकानदार, पाळीवरचे जुने सोबती, रोज जाळीच्या अलीकडे बसून राहिलेली ती स्वतः. राजुलीत आता तेवढेच जण जिवंत होते, ज्यांना हाक आली आणि जे गेले नाहीत.