दर्याला दिलेला हात

सदू आला होता तो कोट मागायला. काम एवढंच.

१९६६ सालची दत्तजयंतीची रात्र. देवळात पाळणा हलवून झाला होता, सुंठवड्याचा तिखटपणा अजून जिभेवर होता, आणि कोळीवाड्यावर चांदणं इतकं स्वच्छ की वाळत टाकलेल्या जाळ्याची भोकं मोजून घ्यावीत. सकाळी रेवसहून लाँच, मग भाऊचा धक्का, आणि दोन दिवसांनी विलायतेची बोट. इंजिनाचं काम शिकायला सदूला त्याचा कारखाना सहा महिने चेकोस्लोव्हाकियात धाडत होता. तिकडची थंडी हाडांत शिरते म्हणतात. आणि सगळ्या वाड्यात लोकरीचा लांब कोट होता तो फक्त हरेश्वरकाकांच्या ट्रंकेत.

बरोबर त्याची बायको राही होती, लग्नाला वर्षही न झालेली, आणि दोन दोस्त, नुसते गप्पांच्या लोभानं आलेले. काकांच्या नीराबाईंनी सगळ्यांच्या हातावर प्रसाद ठेवला. कोटाचं नाव निघालं तशी ती माउली आत गेली आणि देवापुढची वात पुढे सारून आली.

काकांनी विडी विझवली. कोट आहे, म्हणाले, पण तो त्यांचा नव्हे. अनंताचा.

"कोन, दिघीच्या तरीवर इंजिन चालवतो तो?" एका दोस्तानं विचारलं. "तो तर कधी इंजिनापासनं वर येत न्हाय. पान्याकडं पाठ करून बसतो म्हनतात. कोळ्याचा पोर आनि पान्याला भितो."

दुसरा हसला. काका हसले नाहीत.

"भित न्हाय," ते म्हणाले. "त्याला तोंड दाखवायची लाज वाटते. ऐका, आनि मग कोट न्यायचा तर न्या."

ही गोष्ट तीन वर्षांमागची. अनंता आणि हरेश्वरकाका मुंबईत एकाच कारखान्यात, एकाच खात्यात. काका चाळिशी ओलांडलेले, अनंता तिशीच्या आतला. दोघांना मिळून तिकडच्याच ब्रनो नावाच्या शहरी शिकायला धाडलं. निघायच्या दिवशी अनंताची बायको केसर रेवसच्या धक्क्यापर्यंत पोचवायला आली होती. डाव्या हातात हिरव्या बांगड्या कोपराकडे चढलेल्या, उजवा हात मोकळा. आपल्या कोळणीचा असतो तसाच. लग्नाच्या वेळी उजव्या हातातल्या बांगड्या दर्याला वाहायच्या आणि म्हणायचं, बाबा, हा हात तुझा, माझ्या धन्याला सांभाळ. मग जन्मभर त्या हातात काच चढवायची नाही.

हे ऐकताना राहीनं आपला उजवा हात पदराखाली घेतला.

सहा महिने कामात गेले. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, शिक्षण संपलं तेव्हा, सगळ्या परदेशी शिकाऊंना बसमध्ये बसवून तिथल्या लोकांनी आपली जुनी शहरं दाखवायला नेलं. ओलोमोऊत्स गावच्या चौकात एक भलंमोठं घड्याळ. लढाईत मोडलं होतं ते नव्यानं उभं करताना त्यावर संतांच्या जागी कामगार बसवलेले. काका म्हणाले होते, हितं पन आपल्याला कामावर घेतलंच की. कुत्ना होरात एक प्रार्थनेचं मंदिर, आतून सगळं माणसांच्या हाडांनी सजवलेलं, वर हाडांचंच झुंबर. काकांनी हात जोडले आणि बाहेर येऊन नळावर पाय धुतले. अनंता त्यांना हसला. त्या दिवसांत त्याला हसायची सवयच लागली होती.

शेवटी प्राग. तिथल्या घड्याळावर दर तासाला एक सांगाडा घंटेची दोरी ओढतो आणि खाली लोक टाळ्या वाजवतात. नदीवर दगडी पूल, दोन्ही कठड्यांवर काळे पडलेले संतांचे पुतळे. हे दिवसाचं. रात्री तेच शहर निराळं होई. तळघरांत बिअरची दुकानं, लांब लाकडी बाकं, कोपऱ्यात अकॉर्डियन, अनोळखी माणसं खांद्याला खांदा लावून डोलताहेत. नाचघरात बाया आपण होऊन पुरुषाचा हात धरून नेतात. अनंता जन्मात नाचला नव्हता, तिथं नाचला. छान नाचला. हलत्या होडीत पाय रोवून उभा राहिलेला माणूस, त्याला लाकडी जमीन म्हणजे काय?

अशाच एका तळघरात त्यानं खिशातला केसरचा फोटो बाहेर काढला. फोटो बाकावरून फिरला. कोणीतरी विचारलं, तुझ्या बायकोच्या एकाच हातात दागिना का, दुसऱ्या हातापुरतं मिळालं नाही काय? सगळे हसले. वाईट मनानं नव्हे. समजावून सांगायचं तर दोन वाक्यांचं काम होतं. पण त्या दिव्यांत, त्या पेल्यांपुढं, अनंताला आपल्या घरची गोष्ट सांगायची लाज वाटली. तोही हसला.

दुसऱ्या दिवशी त्यानं काचेच्या दुकानातून बांगड्या घेतल्या. तो मुलूखच काचेचा. लाल, सोनेरी कडेच्या, सात.

ठरल्याप्रमाणे दोघांनी मिळून परत यायचं होतं. अनंतानं आणखी तीन महिन्यांची मुदत मागून घेतली. काम शिकायचं राहिलंय, असं साहेबाला सांगितलं. स्टेशनावर काकांनी एवढंच म्हटलं की केसर वाट बघतेय. अनंतानं पुडकं आणि पत्र त्यांच्या हातात दिलं.

"तिला ह्या द्या. तवर पुरतील."

काकांनी विझलेली विडी पुन्हा पेटवली. माणसानं यायचं, तर त्यानं बांगड्या धाडल्या, असं म्हणाले, आणि ते पुडकं वाहणारे आपणच.

एकोणतीस ऑक्टोबरला काका घरी आले. केसरला अक्षरओळख नव्हती. पत्र काकांनीच ओट्यावर बसून वाचलं. ख्यालीखुशाली, थंडी, पुलाचं वर्णन. आणि खाली: ह्या उजव्या हातात भर. अलिबागला जाऊन दोन्ही हात दिसतील असा फोटो काढ आणि पाठव. इथल्या मंडळींना दाखवायचा आहे.

ती ओळ गाळता आली असती. काकांनी गाळली नाही. दुसऱ्याचं पत्र, आपण कोण गाळणार, असं त्यांना तेव्हा वाटलं.

अनंताची आई चंद्राबाई सूप बाजूला ठेवून उठली. तो हात सुनेचा नाहीच, म्हणाली, तो दर्याचा आहे. दिलेलं परत घ्याल तर तोही आपलं दिलेलं परत नेईल. केसर बांगड्यांकडे बघत राहिली. मग तिनं काकांना विचारलं, "भावजी, धन्याचा शब्द मोटा का दर्याचा?"

काकांना वाटलं आपण शहाणपणाचं बोलतोय. "फोटोपुरत्या घाल," ते म्हणाले. "मंग काढून ठेव."

फोटोपुरत्या.

केसरनं दोन दिवस अन्न घेतलं नाही. एकवीरेपुढं नारळ ठेवला, क्षमा मागितली. शनिवारी, दोन नोव्हेंबरला, अलिबागला जाऊन फोटो काढून आली. पौर्णिमा आदल्या दिवशी झालेली. दिवेलागणीला ती नीराबाईंकडे आली. चेहरा शांत होता, नीराबाई अजून सांगतात, व्रत पार पडल्यावर असतो तसा. धन्याचा शब्द पाळला, म्हणाली, आता दर्याची वस्तू दर्याला देऊन येते. नीराबाईंनी तिचा हात धरला. आज उधाण आहे बाई, उद्या ओहोटीला आपण दोघी जाऊ. केसर व्हय म्हणाली. घरी गेली.

आता तिकडचं. तोच शनिवार.

अनंता दर शनिवारी ब्रनोहून गाडीनं प्रागला जाऊ लागला होता. तो राहायचा त्या घरच्या म्हातारीनं सकाळीच त्याला अडवलं. आपली सर्वपित्री तशी ही त्यांची रात्र, सगळे कबरींवर मेणबत्त्या लावायला जातात, आज नाचायला जाऊ नये. अनंता तिला म्हणाला, माझं कोणी मेलेलं नाही.

रात्री साडेआठचा सुमार. पुलापलीकडच्या नाचघरात दोस्तांसाठी टेबल धरून ठेवायचं, एवढ्या कामाला तो तळघरातून एकटा निघाला. दोन पेले पोटात. अंगात हाच कोट. धुकं उतरलं होतं. एरवी त्या पुलावर माणसांची ये-जा असे. त्या रात्री कोणी नव्हतं.

अर्ध्या पुलावर आला. मागं आवाज झाला.

काचेचा. किण… किण…

त्या मुलखात बाया काचेच्या बांगड्या घालत नाहीत. तो थांबला. आवाज थांबला. तो चालू लागला.

किण…

वळून पाहिलं. पुतळे. नुसते पुतळे.

मग आवाज खालून आला. पाण्यातून.

अनंता कठड्यापाशी गेला. धुक्यातून खालचं काळं पाणी दिसत होतं. पाण्यावर काहीतरी लाल. गोल. एक… दोन… त्यानं मोजलं. सात.

काच तरंगत नाही. त्याला ठाऊक होतं. तरी तो कठड्यावर चढला. गुडघे टेकले. हात लांब केला. आणखी वाकला. दगड ओला होता.

गुडघा सुटला.

…

मागून कोणीतरी बाही धरली.

घट्ट. बुडत्याला होडीत ओढून घेतात तशी. तो पाठीवर पडला, फरशीवर. नाकात वास आला. धुक्याचा नव्हे. चिखलाचा, सुकटीचा. घरचा.

"केसर?"

कोणी बोललं नाही.

पुतळे होते. धुकं होतं. लांब कुठंतरी बाजा वाजत होता…

काकांनी विडीची राख झटकली. खाली भरतीचं पाणी होड्यांच्या बुडाशी लागत होतं, तेवढाच आवाज.

मग त्यांनी उरलेलं सांगितलं, हिशेबी माणसासारखं, सरळ. प्रागला साडेआठ म्हणजे आपल्याकडं रात्रीचा एक. एकच्या भरतीला निघालेल्या होडीवाल्यांनी केसरला पाहिलं होतं, कमरेइतक्या पाण्यात. त्यांनी हाक मारली. तिनं हात वर केला, उजवा. त्यांना वाटलं, ती परत फिरतेय. तिसऱ्या दिवशी ती सापडली. डाव्या हातातली हिरवी काच जशीच्या तशी, एक बांगडी पिचलेली नाही. उजवा हात मोकळा.

अलिबागच्या फोटोवाल्यानं परस्पर टपालात टाकलेला फोटो ब्रनोला पोचला तो केसर गेल्याच्या तारेच्या दुसऱ्या दिवशी. दोन्ही हात भरलेले, आणि ती हसतेय. अनंतानं तो कोणाला दाखवला नाही. घरी आला, काकांच्या ओट्यावर बसून एका रात्रीत हे सगळं बोलला, कोट काढून ठेवला आणि दिघीला गेला. आईला तिकडंच नेलं.

"तिनं शब्द पाळला," काका म्हणाले. "दर्यानं बी पाळला, धनी संबाळला. न पाळनारे आमी दोघं."

कोट राहू द्या, सदू म्हणाला, तिकडं कारखाना देतोच म्हणे. नीराबाईंनी आतून आपली जाड घोंगडी आणली आणि त्याच्या मांडीवर ठेवली. बोटीवर पांघर बाळा, तिकडं पोचलास की पत्र टाक, आणि सहा महिने म्हणजे सहाच महिने. असं म्हणून तिनं त्याच्या कपाळाला अंगारा लावला. तिचा विश्वास होता की ऐकलेली गोष्ट माणसाला सांभाळते.

राही रात्रभरात पहिल्यांदा बोलली. तिनं पदराखालचा उजवा हात काढून नवऱ्यापुढं धरला.

"फोटो न्याचा आसंल तर आसाच न्या. कोनी इचारलं तर सांगा."

सदूनं मान डोलावली. नजर वर केली नाही.

काका मात्र उठले. आलाच आहात तर बघून जा, म्हणाले. ट्रंकेचं कुलूप काढलं. कंदील जवळ आणला. डांबराच्या गोळ्यांचा वास सुटला आणि घडीतून काळा कोट बाहेर आला. उजव्या बाहीवर, कोपराच्या वर, पांढरा डाग होता. मिठाचा. नीराबाईंनी तो कोट चारदा धुतला होता, दोनदा सोड्यात. वाळला की डाग परत. आणि प्रागची नदी गोड्या पाण्याची. तिथून दर्या कुठल्याही दिशेनं शेकडो मैल.

डाग म्हणजे चार बोटं आणि अंगठा. उजवा पंजा. मनगटापाशी साफ संपलेला.

राहीनं वाकून त्यावर आपली बोटं ठेवली आणि झटकन मागं घेतली. कंदिलापुढं धरली.

तीन वर्षं बंद ट्रंकेत होता तो कोट.

बोटं ओली होती.