डाव्या कुशीवर

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण रचलेली म्हणू नका. आणि ती रात्रीची नाही. भर दुपारची आहे, तळमजल्यावरच्या मागच्या खोलीतली, खिडकीतून लख्ख ऊन येत असताना घडलेली.

घरात आई, बाबा, थोरली मुलगी आणि सहा वर्षांचा ढब्बू. तान्हा असताना गुटगुटीत होता म्हणून ढब्बू. पुढे मूत्रपिंडं निकामी झाली, हातापायांच्या काड्या झाल्या, नाव तेवढं राहिलं.

त्याच्या पोटात ऑपरेशन करून एक मऊ नळी बसवली होती. तिच्यातून औषधी पाणी पोटात सोडायचं, काही तास ठेवायचं, मग पिशवीत उतरवायचं. रक्तातली घाण त्या पाण्याबरोबर बाहेर येते. आई हे सगळं वॉर्डात शिकली होती. हात धुऊन धुऊन तिची बोटं सोलवटली होती.

वॉर्डात शेजारच्या खाटेवर एक मुलगी होती. तिचंही तेच ऑपरेशन. ढब्बूहून जेमतेम मोठी, पण तोरा हेडमास्तरणीचा.

"ए भित्र्या, पाणी अडलं की रडायचं नाही. कूस बदलायची. आपोआप सुटतं."

तिच्या नळीच्या जखमेतून पाणी गळू लागलं. मग पोटात पू झाला. नळी काढली, दुसरी घातली, तीही अडली. ढब्बूला घरी सोडलं त्याच सकाळी ती खाट रिकामी झाली.

आईने ढब्बूला सांगितलं, ती घरी गेली.

निघताना सर्जन म्हणाले, "पाणी उतरलं नाही तर सरळ घेऊन या. नळी पुन्हा बसवावी लागेल."

पुन्हा. पहिल्या वेळी ढब्बू भुलीतून उठता उठेना. आईने तो शब्द डोक्यातून काढून टाकला.

काही आठवड्यांनी, एका दुपारी, पाणी अडलं.

नळीला पीळ नव्हता. आईने ढब्बूला बसवलं, आडवं केलं...

एक थेंब नाही.

मग खाटेच्या पायथ्याकडून... अगदी स्पष्ट...

"डाव्या कुशीवर हो, भित्र्या."

ढब्बू वळला. पाणी भराभरा उतरलं.

"कोण बोललं रे?"

"ती. तूच म्हणालीस ना, घरी गेली म्हणून? आपल्याच घरी आली की."

आईच्या अंगावर काटा आला. पण पिशवी भरत होती. आईला तेवढंच पुरेसं होतं.

मग पाणी रोजच अडू लागलं. रोज आवाज येई. आई त्याची वाट पाहू लागली.

एका दुपारी आवाज आलाच नाही.

"रुसलीय," ढब्बू म्हणाला. "विचारते, माझं पाणी कोण काढणार?"

आईने पिशवीकडे पाहिलं. कोरडी.

"काढू हं, बाळा," ती त्या मोकळ्या पायथ्याला म्हणाली. "तुझंही काढू. आधी याचं सोड."

पाणी सुटलं... ते थांबेना. पिशवी भरली. दुसरी लावली, तीही भरली. आत इतकं घातलंच नव्हतं.

शिकवल्याप्रमाणे आईने पिशवी वर्तमानपत्रावर धरली. पाण्यातून अक्षरं वाचता आली तर पाणी चांगलं.

एकही अक्षर दिसेना. पांढरट, गढूळ... पू.

आणि ढब्बू मजेत बिस्कीट खात होता. ताप नाही, दुखणं नाही.

आईने त्याला उचललं, ती पिशवी घेतली आणि हॉस्पिटल गाठलं.

सर्जनांनी एक्स-रे उजेडात धरला. "नळी वर सरकलीय. हिच्यातून थेंब येणं शक्य नाही, ताई."

ऑपरेशननंतर ते बाहेर आले तेव्हा चेहरा विचित्र होता. "नळीचं तोंड चरबीने गच्च गुंडाळलेलं होतं. पण पोट आतून स्वच्छ आहे. पू कुठेच नाही. तुम्ही आणलेलं पाणी... कुणाचं आहे?"



ढब्बू वाचला. नवी नळी झकास चालली. घरी आल्यावर पहिल्याच दुपारी पाणी कुणी न सांगता उतरलं.

"आई, आता तिचं काढ. कधीची उताणी पडून वाट बघतेय."

आईला एकच मूल वाचवायचं होतं. ते वाचलं होतं.

"तिला म्हणावं, तुझी आई वेगळी आहे. तिच्याकडे जा."

खोलीत काहीच हललं नाही. ढब्बू मात्र आईकडे बघत राहिला, जणू तिने त्यालाच हाकललं.

दुसऱ्या दुपारी पाणी आत गेलं...

आलं नाही.

डावी कूस. उजवी कूस. पोट ताणून चकाकू लागलं, धाप लागली. बाबा गाडी आणायला धावले. आई पायथ्याशी गुडघे टेकून बसली.

"सांग गं, राणी. कोणत्या कुशीवर? चुकले मी. सांग ना..."

तिथून कुणीतरी खुदकन हसलं.

मग... आणखी एक हसू. ढब्बूचं. पण खाटेवर ढब्बूचे ओठ मिटलेले होते.

गाडी आली तेव्हा घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पुढे वर्षानुवर्षं दुपारी त्या खोलीतून दोन मुलांची कुजबुज येई. बाबा म्हणत, भास आहे. पण थोरलीलाही ऐकू यायची. आई दारात गेली की खोली चिडीचूप.

"मला पण घ्या ना रे," आई म्हणे. कुणी उत्तर देत नसे.

शेवटचं दुखणं तिने हट्टाने त्याच खोलीत काढलं. "आता तरी घेतील," म्हणाली.

आई गेली. थोरली अजून त्याच घरात आहे. दुपारी ती भिंतीला कान लावून उभी राहते. कुजबुज येते. हसू येतं.

दोघांचंच.