दोघांचा बाक

दुसऱ्यांनी टाकलेलं उचलून आणायची संग्रामची खोड चाळिशी उलटली तरी गेली नाही, याचा अहिल्याबाईंना मनस्वी राग होता. या खेपेला लेकाने अख्खी खोलीच आणली होती. गोठलेल्या तळ्यावर ओढत न्यायची आणि तळाच्या भोकातून गळ सोडून आत बसायचं, अशी फळ्यांची खोली. आत दोघांपुरता बाक. ते राहत त्या परदेशातल्या श्रूजबरी गावातच कुणाच्या तरी दारात ‘फ्री’ची पाटी लावून पडली होती.

“शनिवारी इशिताला फिशिंगला नेतो,” संग्राम म्हणाला. “गॅप्समध्ये फोम भरलाय, आई. एकदम वॉर्म.”

“नऊ वर्षांची पोर त्या फेसाच्या भरवशावर नेणार? तुझा फेस वाऱ्याला वाट देऊन हसतोय.”

अहिल्याबाईंची शाळा चौथीतच सुटली होती. पण रेवदंड्याला बापाच्या होडीच्या फटी बुजवत त्या वाढल्या होत्या. त्यांनी फोम उपटून टाकला. जुन्या लुगड्याच्या चिंध्या पिळून फटीफटीत ठोकल्या, वरून सिलिकॉनची नळी फिरवली. दोन दिवस ड्राइव्हवेवर, हातमोजे न घालता. छपराखालची झडप तेवढी सोडली. आत हीटर लावल्यावर हवा कोंडली तर जिवावर बेतेल, असं संग्रामने बजावलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी परीक्षा. तळाच्या भोकावर फळी होतीच. त्यांनी दार लावून घेतलं, झडपेत बोळा कोंबला आणि मोगऱ्याची उदबत्ती पेटवली. धूर सरळ वर चढला. इकडचा तिकडे झाला नाही.

“दाखवते माझ्या इंजिनियर लेकाला,” त्या पुटपुटल्या.

मग धूर वाकला. बाकाकडे गेला, थांबला, परत आला. पुन्हा गेला, पुन्हा आला.

बाक रिकामा होता. आपल्याच श्वासाने हलतोय का ते पाहायला अहिल्याबाईंनी नाक दाबून दम धरला. धूर जात होता, येत होता. मोगऱ्याच्या वासात ओल्या लोकरीचा वास मिसळला होता.

“कोण आहे?” त्यांनी दरडावलं. “मी उठून पळणाऱ्यातली नाही.”

धुराच्या दोन रेघा झाल्या. एक बसलेल्या माणसाच्या तोंडाइतक्या उंचीवर. दुसरी त्याहून हातभर खाली.

खालची फार भरभर हलत होती.

अहिल्याबाईंनी झडपेतला बोळा उपसून काढला. गार वारा आत आला, तरी धूर तिकडे फिरकला नाही. खालची रेघ मात्र हळूहळू संथ झाली.

त्यांनी संग्रामला हाक मारून आत बोलावलं आणि धूर दाखवला.

“ड्राफ्ट असणार, आई. कुठल्या तरी फटीतून वारा येतोय.”

“दम धर आणि बघ.”

त्याने धरला. चेहरा लाल होईपर्यंत धरला. दोन्ही रेघा जात होत्या, येत होत्या. त्याने बाक चाचपायला हात पुढे केला, तशी अहिल्याबाईंनी त्याची बाही पकडली आणि त्याला बाहेर ओढलं.

“लोकांचं टाकलेलं आणलंस, संग्राम. का टाकलं ते विचारलं नाहीस. बाक दोघांचा आहे, आणि दोघं बसलेत. माझी नात यात पाऊल ठेवणार नाही. आत्ता उचल आणि जिथून आणलीस तिथे नेऊन ठेव.”

दार लोटताना त्यांचा आवाज खाली आला.

“आणि नेताना वरची झडप उघडी राहू दे. धाकट्याला धाप लागते.”